पावती नंबर ४१७

माझ्या टेबलाच्या काचेखाली दोन पावत्यांच्या झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवल्यात. दोन्हींवर नंबर ४१७. एकीवर संध्याकाळची वेळ, सोयाबीन, निव्वळ वजन २३ क्विंटल ४० किलो. दुसरीवर दुसऱ्या दिवशीची सकाळ, निव्वळ १८ क्विंटल ६५ किलो. ट्रॅक्टर वेगळे, शेतकरी वेगळे, गावं वेगळी. पावती छापणारा प्रोग्राम मात्र एकच, आणि तो मी लिहिलेला.

लातूर-औसा रस्त्यावरच्या एका गोदामाच्या भुईकाट्याचं हे काम. काट्याच्या डब्यातून एक सिरियल केबल ऑफिसातल्या संगणकात येते आणि वजनाचे आकडे पाठवत राहते. पायथन भाषेत लिहिलेला माझा प्रोग्राम ते वाचतो. आकडा स्थिरावला की मुनीमजी बटण दाबतात आणि भरलेल्या ट्रॉलीचं वजन नोंदलं जातं. माल उतरवून ट्रॉली परत काट्यावर आली की रिकामं वजन होतं, वजाबाकी होते आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकर करत पावती काढतो. त्या पावतीवरूनच पुढं पट्टी बनते, म्हणजे शेतकऱ्याच्या हातात किती पैसे पडणार ते ठरतं. चार ओळींचा कागद, पण चार महिन्यांची मेहनत त्यावर लिहिलेली असते. म्हणूनच हे प्रकरण मी इतकं मनाला लावून घेतलं.

दसरा झाला की सोयाबीन एकदम येतं. गेटबाहेर ट्रॅक्टरची रांग लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत संध्याकाळी लाईट जाते. गोदामात एक यूपीएस आहे. संगणक, काटा, प्रिंटर सगळं त्याच्यावर. बॅटरी उतरत आली की यूपीएस यूएसबीच्या तारेतून संगणकाला कळवतो, आणि संगणक स्वतःला बंद करायला घेतो. लिनक्सवर बंद होणं म्हणजे काय, तर सिस्टिमडी, म्हणजे सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम, चालू असलेल्या प्रत्येक सेवेला सिगटर्म हा सिग्नल पाठवतो, डिफॉल्ट सेटिंग असेल तर ९० सेकंद वाट बघतो, आणि तरीही कोणी शिल्लक राहिलं तर सिगकिल पाठवून संपवतो. सिगटर्म ही विनंती आहे, प्रोग्रामला ती ऐकता येते. सिगकिल ऐकता येत नाही, थोपवता येत नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) उचलून बाजूला करतो.

पायथन सिगटर्मचं आपणहून काहीच करत नाही. कंट्रोल-सी दाबल्यावर येणाऱ्या सिगइंटचं तो कीबोर्डइंटरप्ट नावाचं एक्सेप्शन (काही चुकल्याची, काम तोडून वर चढत जाणारी बातमी) करतो, म्हणून आपल्याला वाटतं की सगळे सिग्नल असेच हाताळले जात असतील. तसं नाही. सिगटर्म आला आणि आपण हँडलर, म्हणजे सिग्नल आल्यावर चालायचं कोड, लावलेला नसेल तर प्रोसेस जागच्या जागी मरते. फायनलीमधलं, म्हणजे जाताना आवराआवर करायला लिहिलेलं, काही चालत नाही. माझा प्रोग्राम सुरू होताना सिरियल पोर्टसाठी एक लॉक फाईल (पोर्ट वापरात असल्याची खूण) बनवायचा आणि जाताना फायनलीमधे ती पुसायचा. त्यामुळं पहिल्याच आठवड्यात एका सकाळी प्रोग्राम उठेना. पोर्ट दुसरं कोणीतरी वापरतंय म्हणून अडून बसला. लॉक फाईल रात्रीची, जिची होती ती प्रोसेस रात्रीच मेलेली. बाहेर अकरा ट्रॅक्टर उभे. मी फोनवरून मुनीमजींना एकेक अक्षर सांगून ती फाईल पुसायला लावली.

मग मी तेच केलं जे सगळे करतात, आणि जे बहुतेक ठिकाणी चालतंही. सिगटर्मसाठी हँडलर लावला, आणि त्या हँडलरमधून सिस्टिमएक्झिट हे एक्सेप्शन उठवलं. झालं. आता सिगटर्म आला की प्रोग्राम जिथं असेल तिथून एक्सेप्शन वर वर चढत जाणार, वाटेतले फायनली चालवत जाणार, लॉक पुसणार, पोर्ट सोडणार, नीट बाहेर पडणार. मला ते फार आवडलं होतं. दोन ओळींत काम झालं. रूबीमधे तर एवढंही करावं लागत नाही. तिथं सिगटर्म आला की मुख्य थ्रेडमधे, म्हणजे कोड चालवणाऱ्या मुख्य धाग्यात, सिग्नलएक्सेप्शन आपोआप उठतं. तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं.

चौथ्या आठवड्यात मुनीमजींचा फोन आला.

"ताई, जरा येऊन जाता का? एकाच नंबरच्या दोन पावत्या आल्यात. अन्‌ पहिल्यांचं वजन तर कंप्युटरात दिसंनाच."

मी गेले तेव्हा रेणापूरकडचे ते शेतकरी ऑफिसच्या दारात सोयाबीनच्या कट्ट्यावर बसले होते. आदल्या संध्याकाळची पावती त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून काढली. चार घड्या घातलेली. चिडले नव्हते ते. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे मी माल घातलोच न्हाई म्हना की?"

माल आलेला होता, कागद त्यांच्या हातात होता, आणि माझा डेटाबेस म्हणत होता की असा कोणी ट्रॅक्टर आलाच नाही. मुनीमजींनी सवयीनं कच्च्या वहीत पेन्सिलीनं वजन टिपून ठेवलं होतं, म्हणून निभावलं. त्यांनी त्या पावतीवर हातानं '४१७ अ' लिहिलं आणि पट्टी पुऱ्या २३ क्विंटल ४० किलोची केली. पण ती वही नसती तर? त्या दिवशी गोदामातून निघताना हा प्रश्न घेऊनच मी निघाले.

लॉग वाचून घडलं ते असं निघालं. त्या संध्याकाळी लाईट गेलेली. यूपीएस टीं टीं करायला लागला. तो आवाज आला की गोदामात एकच घाई उडते, बॅटरी संपायच्या आत काट्यावरची ट्रॉली मोकळी करायची. म्हणजे शेवटची पावती आणि सिगटर्म एकाच मिनिटात येणं हा योगायोग नव्हताच. ज्या क्षणी सिग्नल येण्याची शक्यता सगळ्यात जास्त, त्याच क्षणी माणसं प्रोग्रामकडून सगळ्यात नाजूक काम करून घेत होती.

माझा क्रम असा होता. आधी वजनाची नोंद आणि पुढचा पावती नंबर डेटाबेसमधे पक्का करायचा, मग पावती छापायची. छापताना कागद अडकला, रिबिन तुटली, तार निघाली, तर नंबर वाया जाऊ नये म्हणून मी ट्राय-एक्सेप्ट, म्हणजे एक्सेप्शन झेलणारं कोड, घातलं होतं. काहीही झालं तरी नोंद पुसायची, नंबर परत घ्यायचा आणि एक्सेप्शन पुढं जाऊ द्यायचं. 'काहीही झालं तरी' यासाठी मी कुठल्याच एक्सेप्शनचं नाव न घेता मोकळं एक्सेप्ट लिहिलं होतं.

पावतीची अक्षरं प्रिंटरकडं गेली. प्रिंटरच्या पोटात उतरली. अन्‌ राईट, म्हणजे अक्षरं पाठवणारा कॉल, परत येता येता सिगटर्म आला. हँडलरनं एक्सेप्शन उठवलं. ते माझ्या एक्सेप्टमधे पडलं. एक्सेप्टला वाटलं छपाई फसली. त्यानं नोंद पुसली, ४१७ परत घेतला, आणि मी शिकवल्याप्रमाणं शिस्तीत सगळं आवरून प्रोग्राम बंद झाला. तिकडं प्रिंटरनं पोटातली पावती शांतपणे पूर्ण छापली. मुनीमजींनी ती फाडून दिली.

यातली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट ही, की माझी सुधारणा नसती आणि प्रोग्राम सिगटर्मनं जुन्या पद्धतीनं जागीच मेला असता, तर नोंद शाबूत राहिली असती. ती आधीच पक्की झालेली होती. लॉक फाईल तेवढी पडून राहिली असती. मी त्याला नीट मरायला शिकवलं म्हणून ती नोंद पुसली गेली.

त्या रात्री मी पहिली दुरुस्ती केली ती घाईची. मोकळ्या एक्सेप्टच्या जागी 'एक्सेप्ट एक्सेप्शन' लिहिलं. पायथनमधे सिस्टिमएक्झिट आणि कीबोर्डइंटरप्ट ही दोन्ही एक्सेप्शन नावाच्या घराण्यात मोडत नाहीत, वरच्या बेसएक्सेप्शनमधून थेट उतरतात. कीबोर्डइंटरप्टला २००६ च्या पायथन २.५ मधे मुद्दाम त्या घराण्यातून बाहेर काढलं, सगळे अपघात झेलणाऱ्या कोडनं चुकून कंट्रोल-सी गिळून टाकू नये म्हणून. म्हणजे भाषा करणाऱ्यांनाही हा पाहुणा वेगळा आहे हे दिसलेलं होतं. पण हा वेगळेपणा फक्त एक्सेप्ट बघतं. फायनली आणि तशीच आवराआवर करणारं विथ घराणं विचारत नाहीत, कोणीही आलं तरी ते चालतात. आणि दुसरं, कागद खरंच अडकला, नोंद पुसून झाली, नंबर अजून परत घ्यायचाय, आणि नेमका तिथं सिग्नल आला तर? आवराआवर करणारं कोडच अर्ध्यात तुटणार. जिथं चूक होण्यासारखं काहीच नाही अशा ओळीवर, एका साध्या बेरजेवर, फायनलीच्या पहिल्या शब्दावर एक्सेप्शन उठू शकतं. तेव्हा कुठल्या ओळीला कशानं झाकायचं, हा प्रश्नच संपत नाही.

माझे चुलते, नाना, लातूरच्या मार्केट यार्डात मापाडी होते. तीसेक वर्षं काट्याजवळ उभे राहिलेले. पहिला कट्टा काट्यावर चढला की 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. लाभ, दोन, तीन, असा त्यांचा आवाज मी लहानपणी यार्डात गेले की लांबूनच ओळखायची. मी त्यांना ओसरीवर बसून ४१७ ची गोष्ट सांगितली. त्यांना संगणकातलं फारसं कळलं असेल-नसेल, पण त्यांनी विचारलं ते बरोबर नेमकं.

"कट्टा काट्यावर असताना त्यानं मागं वळून का बगितलं?"

"त्याला हाक आली नाना."

"मग हाक आली की हात वर करायचा. ऐकलो म्हणून. वळायचं न्हाई. वळलं की आकडा जातो."

"आणि फारच घाईचं असलं तर?"

"कितीबी घाई असू दे माय. कट्टा हमालाच्या पाठीवर, अर्धा काट्यावर. मधीच कोन सोडतंय?"

ते तसंच करायचे, मला आठवतं. कोणी "ओ नाना" म्हटलं की न बघता डावा पंजा वर. कट्टा ठेवला जायचा, आकडा मोठ्यानं बोलला जायचा, चिठ्ठीवर टिपला जायचा, मग पंजा खाली आणि "हं, बोला". हाक मारणाऱ्यालाही कळायचं की पोचली. तो दुसऱ्यांदा ओरडायचा नाही.

मला त्यातून जे उमगलं ते असं. एक्सेप्शनचा अर्थ असतो, 'मी करत होते ते काम फसलं'. सिगटर्मचा अर्थ आहे, 'बाहेरून कोणीतरी हाक मारतंय'. हाकेचं फसण्यात रूपांतर करणं म्हणजे प्रोग्रामला खोटी बातमी देणं. माझं एक्सेप्ट मूर्खपणानं वागलं नाही. त्याला जी बातमी दिली त्याप्रमाणं ते बरोबरच वागलं. बातमी खोटी होती.

याचा अर्थ सिग्नलचं एक्सेप्शन कधीच करू नये असा नाही. काही सिग्नल बाहेरून येतच नाहीत, आपल्याच सूचनेतून जन्मतात. जावाचं उदाहरण मला फार देखणं वाटतं. नल, म्हणजे कशाकडंच न दाखवणाऱ्या, रेफरन्समधून काही वाचायला गेलं की नलपॉइंटरएक्सेप्शन येतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण हॉटस्पॉट हे जावाचं व्हर्च्युअल मशीन बऱ्याच ठिकाणी आधी 'हे नल आहे का' असं तपासतच नाही. ते सरळ वाचायला जातं. शून्याजवळच्या पत्त्यांचं पान बंद ठेवलेलं असतं, म्हणून प्रोसेसर अडतो, कर्नल सिगसेगव्ही, म्हणजे बंद पत्त्याला हात लागल्याचा सिग्नल, पाठवतो. हॉटस्पॉटचा हँडलर बघतो की कुठल्या सूचनेवर अडलं, आपल्या तक्त्यात ती सूचना शोधतो, आणि प्रोग्राम जिथून पुढं चालू होणार तो पत्ताच बदलून टाकतो. प्रोग्राम जागा होतो तो थेट एक्सेप्शन उठवणाऱ्या कोडमधे. कोट्यवधी वेळा नल नसतं, तेव्हा तपासणीचा खर्च शून्य. स्टॅक, म्हणजे चालू फंक्शनांसाठीची मेमरी, संपल्याचंही तसंच. टोकाला राखणीची पानं ठेवलेली असतात, त्यांना हात लागला की सिग्नल, आणि त्याचं स्टॅकओव्हरफ्लोएरर. तिथं एक गंमतशीर अडचण आहे, की स्टॅकच संपला तर हँडलर उभा कुठं राहणार? त्यासाठी युनिक्समधे सिगऑल्टस्टॅक आहे, हँडलरला वेगळी जागा देता येते. इथं सिग्नलचं एक्सेप्शन होणं पूर्ण खरं आहे, कारण ती ओळच फसलेली असते. तीच ओळ, तोच थ्रेड, तोच क्षण.

गो भाषेनं ही दोन घरं स्पष्ट वेगळी केलीत, आणि मला ती वाटणी सगळ्यात प्रामाणिक वाटते. सिगसेगव्ही, सिगबस, सिगएफपीई हे आपल्याच कोडच्या चुकीतून आले तर त्यांचा पॅनिक, म्हणजे गोमधलं एक्सेप्शनसारखं, होतो. सिगटर्मसारखे बाहेरचे हवे असतील तर ते चॅनेलवर येतात, निरोपासारखे. आपल्याला सवड होईल तेव्हा चॅनेल वाचायचा.

उलट बाजूचा अनुभव जावानं फार आधी घेतला. एका थ्रेडनं दुसऱ्याला थांबवण्यासाठी थ्रेड-स्टॉप ही मेथड होती. ती समोरच्या थ्रेडमधे, तो जिथं असेल तिथं, थ्रेडडेथ उठवायची. वाटेतली कुलुपं सुटायची, पण कुलपामागची वस्तू अर्धवट बदललेली राहायची, आणि दुसरे थ्रेड ती अर्धवट वस्तू बिनधास्त वापरायचे. १९९८ च्या जावा १.२ पासूनच ती वापरू नका असं सांगितलं गेलं, आणि २०२३ च्या जावा २० पासून ती बोलावली तर ती काम करायला नकारच द्यायला लागली. माझी ४१७ म्हणजे त्याचीच धाकटी बहीण.

हास्केल भाषावाल्यांनी मात्र हार न मानता बाहेरून येणारी एक्सेप्शन भाषेतच नीट बसवायचा प्रयत्न केला. तिथं मास्क आहे. एखादा तुकडा मास्कमधे गुंडाळला की बाहेरचं एक्सेप्शन दाराशी थांबून राहतं, तुकडा संपला की आत येतं. हा नानांचा पंजाच. पण त्यांनी आणखी एक बारकावा ठेवला, की मास्कमधे असतानाही जी क्रिया कशाची तरी वाट बघत अडकून बसते, तिला उठवता येतं. नाहीतर हाक कायमची दाराशी उभी राहील. हे वाचताना मी मान डोलावली होती, पण त्याची किंमत मला पुढं कळली.

पायथनच्या पोटातही खरं तर पंजा वर करणंच चालतं. सिग्नल आला की सी भाषेतला छोटा हँडलर फक्त एक खूण करतो आणि परत जातो. इंटरप्रिटर, म्हणजे पायथन चालवणारा प्रोग्राम, बाइटकोड (आपल्या कोडच्या बारीक सूचना) चालवता चालवता ती खूण बघतो, आणि मग मुख्य थ्रेडमधे आपला पायथनमधला हँडलर चालवतो. असं का, तर खऱ्या सिग्नल हँडलरमधे जवळजवळ काहीच करायची सोय नसते. समजा प्रोग्राम मॅलॉकमधे मेमरी मागत होता, आतलं कुलूप लावून. तेवढ्यात सिग्नल आला, आणि हँडलरनंही मेमरी मागितली. कुलूप ज्याच्याकडं आहे तो हँडलर संपायची वाट बघतोय, हँडलर कुलूप सुटायची. दोघंही कायमचे अडकले. म्हणून तिथं राईटसारख्या मोजक्या सुरक्षित सिस्टिम कॉलपलीकडं जायचं नाही. म्हणजे पायथननं स्वतःच्या जिवासाठी सुरक्षित जागा निवडली आहे, दोन बाइटकोडच्या मधली. ती इंटरप्रिटरला सुरक्षित आहे. माझ्या पावतीला नाही. पावतीची सुरक्षित जागा कुठं आहे हे इंटरप्रिटरला कळणं शक्यच नाही, ते मलाच सांगायला हवं होतं.

नवा हँडलर एका ओळीचा झाला: 'थांबायचंय' ही खूण खरी करायची. बाकी काही नाही. आणि ती खूण बघण्याची प्रोग्राममधे एकच जागा, पुढच्या बटणाची वाट बघण्याआधी. काट्यावरची ट्रॉली मोकळी झाली की.

इथं मला एक ठेच लागली, ती दुसऱ्या कोणाला लागू नये म्हणून सविस्तर सांगते. पूर्वी सिग्नल आला की वाट बघत अडकलेला रीड, म्हणजे वाचायचा कॉल, अर्ध्यात तुटायचा आणि ईइंटर ही चूक द्यायचा, तिच्यासाठी प्रत्येक ठिकाणी वेगळं कोड लिहावं लागायचं. २०१५ च्या पायथन ३.५ पासून इंटरप्रिटर असा तुटलेला कॉल आपणच पुन्हा करतो. फक्त हँडलरनं एक्सेप्शन उठवलं तरच करत नाही. माझा हँडलर आता एक्सेप्शन उठवत नव्हता. त्यामुळं खूण झाली, रीड पुन्हा सुरू झाला, आणि प्रोग्राम बटणाची वाट बघत तसाच बसून राहिला. पंजा वर, पण मापाडी झोपलेला. ९० सेकंदांनी सिगकिल.

त्यावरचा उपाय जुना आहे आणि अजून त्याच्यासारखा नाही. स्वतःशीच जोडलेला एक पाइप उघडायचा. सिग्नल आला की त्यात एक बाइट पडेल. मग काट्याची केबल, बटण आणि पाइप या तिन्हींवर सिलेक्टनं एकदम कान लावून बसायचं. जे आधी बोलेल ते ऐकायचं. सी मधे ही सेल्फ-पाइपची युक्ती हातानं लिहावी लागते, पायथनमधे सेट-वेकअप-एफडी तेच करून देतं, आणि लिनक्समधे २००७ पासून सिग्नलएफडी आहे, तिथं सिग्नल थेट फाईलसारखा वाचता येतो. हाक हा निरोप आहे, तर तो निरोपांच्याच वाटेनं यावा.

प्रिंटरचं दुखणं उरलंच होतं. कागद संपलेला असेल तर प्रिंटरकडं जाणारा राईट अडकून बसतो, आणि खूण बघण्याची जागा येतच नाही. हास्केलच्या त्या बारकाव्याची किंमत ती हीच. आता पावती २० सेकंदांत गेली नाही तर प्रोग्राम छपाई सोडून देतो, नोंदीवर 'छापली नाही' असं लिहितो आणि पुढं सरकतो. २० आणि ९० च्या मधे भरपूर जागा राहते.

आणि नोंद पुसणारं कोड मी पूर्ण काढून टाकलं. याचं उत्तर मुनीमजींच्या टेबलावर पहिल्यापासून होतं, मी बघितलं नव्हतं. त्यांच्या वहीतलं पान कधी फाडत नाहीत. चुकलं तर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहितात, नंबर तसाच राहतो, पुढचा नंबर पुढं. नोंद आणि नंबर एकाच ट्रान्झॅक्शनमधे पक्के होतात, मग छपाई, मग 'छापली' अशी खूण. सकाळी प्रोग्राम उठला की खूण नसलेल्या नोंदी आधी दाखवतो आणि मुनीमजींना विचारतो, हा कागद शेतकऱ्याच्या हातात गेला का? नसेल तर त्याच नंबरची 'दुसरी प्रत' निघते. हे सिगकिलसाठीही चालतं, आणि कोणी यूपीएसचीच तार ओढली तरी चालतं. तिथं कुठलाही हँडलर पोचत नाही. एक्सेप्शन असो वा खूण, दोन्ही फक्त विनंतीच्या वेळी कामाचे.

मग घरी मी खोटा काटा आणि खोटा प्रिंटर बनवला, दोन छोटे प्रोग्राम. तिसरा प्रोग्राम रात्रभर खऱ्या प्रोग्रामला सुरू करायचा, वजनं भरवायचा, आणि मनाला येईल त्या मिलिसेकंदाला सिगटर्म पाठवायचा. शेवटी खोट्या प्रिंटरचा कागद आणि डेटाबेस ओळीला ओळ लावून बघायचा. जुन्या प्रोग्रामवर हे चालवलं तेव्हा पहिल्याच तासात ४१७ सारखी जोडी सापडली. त्या रात्री मी लवकर झोपले नाही. नव्यावर तीन रात्री चालवलं, एकही ओळ चुकली नाही. चौथ्या रात्री सिगटर्मऐवजी सिगकिल पाठवले. 'छापली का' असे प्रश्न भरपूर पडले, पण हरवलेली नोंद एकही नाही.

यंदाच्या हंगामात मी मुद्दाम एक संध्याकाळ गोदामात जाऊन बसले. साडेसहाला लाईट गेली. काही वेळानं यूपीएस टीं टीं करायला लागला. काट्यावर एक रिकामी ट्रॉली चढत होती, मागून हमाल ओरडत होते, मुनीमजींचा हात बटणावर. स्क्रीनच्या कोपऱ्यात मी घातलेली ओळ उमटली: 'बंद व्हायचा निरोप आलाय, ही पावती झाली की थांबतो.' आकडा स्थिरावला. प्रिंटर करकरला. मुनीमजींनी कागद फाडून शेतकऱ्याला दिला, त्यानं तो यूपीएसच्या लाल दिव्याच्या उजेडात धरून वजन वाचलं आणि खिशात घातला. मग स्क्रीन काळी झाली.

ती पावती ६८८ होती. सकाळी मुनीमजींना फोन करून विचारलं, पहिली कितीची निघाली.

"सहाशे एकोणनव्वद, ताई."

संध्याकाळी नानांकडं गेले तेव्हा त्यांनाही तो आकडा सांगितला.